हैतीचा ढोल कोणाला खुपत होता?

हैती म्हटले की आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसालाही दोनच गोष्टी आठवतात, भूकंप आणि वूडू. वूडू म्हणजे काय? तर काळी जादू, बाहुलीला टाचण्या, उठून चालणारी प्रेते. ही माहिती हैतीच्या लोकांनी दिलेली नाही. १९१५ ते १९३४ अमेरिकन सैन्य तिथे ठाण मांडून बसले होते. त्याच काळात, १९२९ मध्ये, विल्यम सीब्रुकचे 'द मॅजिक आयलंड' निघाले आणि १९३२ मध्ये 'व्हाईट झोंबी' हा सिनेमा आला. ज्याचा देश ताब्यात ठेवायचा, त्याला रानटी ठरवत राहावे लागते.

खरा इतिहास मळ्यांवरचा आहे. फ्रेंचांच्या १६८५ च्या 'कोड नोआर' कायद्याने गुलामांचा बाप्तिस्मा सक्तीचा केला आणि वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांना एकत्र जमायला बंदी घातली. लग्नाच्या निमित्तानेसुद्धा नाही! मालकाला भीती ढोलाची नव्हती, ढोलाभोवती जमणाऱ्या माणसांची होती. दाहोमी, काँगो अशा निरनिराळ्या मुलखांतून पकडून आणलेल्या, एकमेकांची भाषाही न कळणाऱ्या या माणसांनी आपापली दैवते, ताल, नाच एकत्र करून वूडू घडवला. वर चित्र कॅथलिक संताचे, आत देव आपला. पायाशी साप असलेला सेंट पॅट्रिक हा त्यांचा सर्पदेव दाम्बाला झाला. ऑगस्ट १७९१ मध्ये बुआ कैमानच्या रानात असाच एक मेळा भरला. बुकमन आणि सेसिल फातिमान ही नावे त्याच्याशी जोडली जातात. काही दिवसांत उत्तरेकडचे उसाचे मळे पेटले आणि १ जानेवारी १८०४ ला गुलामांनी स्वतःचे राष्ट्र जाहीर केले.

पण मालक गेले म्हणून ढोल सुटला का? नाही. १८३५ च्या दंडसंहितेत हैतीच्याच राज्यकर्त्यांनी वूडूला गुन्हा ठरवले. फ्रेंच बोलणाऱ्या वरच्या वर्गाला क्रिओल बोलणाऱ्या शेतकऱ्याची लाज वाटत होती. १९४१-४२ मध्ये चर्चने सरकारच्या आशीर्वादाने 'अंधश्रद्धाविरोधी मोहीम' काढली. ढोल जाळले, पूजेच्या वस्तू जाळल्या, पवित्र झाडे तोडली, लोकांकडून वूडू सोडल्याच्या शपथा घेतल्या.

आता आमच्यातलाच कोणी म्हणेल, अंधश्रद्धा गेली तर बरेच झाले. जरा थांबा. एक मूर्ती फोडून दुसरीपुढे गुडघे टेकायला लावणे याला प्रबोधन म्हणत नाहीत. त्या मोहिमेने शेतकऱ्याला ना शाळा दिली, ना जमीन. लेखक जाक रुमँ कम्युनिस्ट होता, देव मानणारा नव्हता. तरी त्याने या मोहिमेला कडाडून विरोध केला. मोहीम काढायचीच तर दारिद्र्याविरुद्ध काढा, असे त्याचे म्हणणे होते.

आणि जाळणाऱ्यांच्या हाती काय लागले? १९४४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सला 'सांत्र द'आर' हे कलाकेंद्र निघाले. तिथे नावारूपाला आलेला सर्वांत मोठा चित्रकार एक्तोर इपोलित हा स्वतः वूडू पुजारी होता. क्रुआ-दे-बुकेचा जॉर्ज लियोतो लोहार. कबरींवरचे लोखंडी क्रूस घडवता घडवता तो शिल्पकार झाला. तिथले कारागीर आजही तेलाचे रिकामे पिंप कापतात, आगीत भाजून ठोकून सपाट करतात आणि छिन्नीने त्यातून जलपऱ्या, पक्षी, झाडे काढतात.

पण मला सगळ्यांत भावते ती 'रारा'. ईस्टरच्या आधीच्या दिवसांत गावोगावची माणसे वाजत-गाजत रस्त्यावर उतरतात. ढोलासोबत 'वाक्सिन' असतात, म्हणजे बांबूच्या फुंकायच्या नळ्या. एका नळीतून साधारण एकच स्वर निघतो. त्यामुळे एकट्याला चाल वाजवताच येत नाही. प्रत्येकाने आपला स्वर आपल्या वेळी फुंकायचा, तेव्हा गाणे उभे राहते. त्या गाण्यांत पुढाऱ्यांची टिंगलही असते.

क्रिओल भाषेला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ च्या राज्यघटनेने. वूडूला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली २००३ मध्ये. तोवर स्वातंत्र्याला १९९ वर्षे झाली होती.