धुऱ्यावरचा जवस

आमच्या वर्धा जिल्ह्याकडे पूर्वी हरभऱ्याच्या वावराला काट्याचं कुंपण फारसं कोणी करत नव्हतं. धुऱ्याला लागून जवसाची चार तासं टाकली की झालं. जवसाचं झाड चिवट. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. दिवाळीच्या मागेपुढे पेरायचा आणि विसरून जायचं. काळ्या जमिनीच्या ओलीवरच तो यायचा. पौषात सकाळी धुरा निळा दिसे, अन् माय शिदोरी घेऊन येईस्तोवर पाकळ्या खाली गळलेल्या असत.

माझ्या लहानपणी आमच्या घरी रोजचं तेल जवसाचंच. शेंगदाण्याचं तेल पाहुणा आला की निघे. वडील पायली-दोन पायली जवस तेल्याच्या घाणीवर नेत. तेल घरी, पेंड बैलांना. ठेच्यावर तेलाची धार अन् ज्वारीची भाकर, एवढ्यावर माणसं दिवसभर वखर हाकत. बाळंतिणीला अळशीचे लाडू, गळू पिकत नसलं तर जवसाचं गरम पोटीस. वखराच्या दांडीलाही तेच तेल चोपडत.

पण हे पीक काही फक्त आमच्या चुलीपुरतं नव्हतं. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि इकडच्या कापसा-गव्हाबरोबर जवसही मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागला. तिकडे त्याचा रंग, वार्निश, छापखान्याची शाई होई. हे तेल हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून त्याला तिकडे एवढी मागणी. पुढे १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं काम आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीत चाले. तिथे झवेरभाई पटेलांनी बैलघाणीत सुधारणा केली, तीच ‘वर्धा घाणी’. म्हणजे गावाचं तेल गावातच निघावं याचा विचार आमच्या उशाशी बसून झाला होता.

आणि तरी जवस गेला. दुकानात पिंपातलं स्वच्छ, बिनवासाचं तेल आलं. जवसाचं तेल गरिबाचं, वासाचं ठरलं. तेल्याची घाणी बंद पडली. मग सोयाबीन आलं, पैसा दिसला. मागून हरभरा होताच, पण धुऱ्यावर ट्रॅक्टरला वळायला जागा पाहिजे. मीच म्हटलं, यंदापासून जवस बंद.

माय तेव्हा एवढंच म्हणाली, “बाबू, पीक मोड, पण बिजवाई मोडू नको.”

राखेत कालवलेली तिची बिजवाई गाडग्यात होती. ती गेल्यावर दोन वर्षं ते गाडगं उतरंडीत तसंच राहिलं. तिसऱ्या वर्षी आम्ही तो जवस पाखडला, भाजला, लसूण-मिरची घालून कुटला. चटणी महिनाभर पुरली. चांगली लागली. भाजलेलं दाणं उगवत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

साठी उलटल्यावर माझ्या रक्तात चरबी निघाली. डॉक्टरांनी औषध दिलं अन् कागदावर लिहिलं, ‘ओमेगा-थ्री, अळशी’. मी दहावी शिकलेला. विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं. या दाण्यात शंभरात चाळीसच्या आसपास तेल असतं, अन् त्यातलं निम्म्याहून जास्त या ओमेगा-थ्रीचं. मासे न खाणाऱ्याला ते मिळण्याची ही मोठी जागा. शिवाय चोथा भरपूर, पोट साफ राहतं. मात्र अख्खा दाणा पचत नाही, तसाच निघून जातो. कुटूनच खावा, वर पाणी प्यावं. कूट फार दिवस ठेवू नये, खवट होतो. रोज चमचा-दोन चमचे पुरे, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मी हसलो. माय खलबत्त्यात थोडी थोडी चटणी का कुटायची, ते मला दवाखान्यात कळलं.

त्या दिवशी औषधाच्या दुकानातून जवसाची पुडी विकत आणली. वावर असलेल्या माणसानं.

नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालतं. तिथलं सुधारित बेणं आणून मागल्या रब्बीत हरभऱ्याच्या धुऱ्याला चार तासं टाकली. आली चांगली. दाणा टपोरा आहे. मायच्या गाडग्यातला दाणा बारीक होता, जरा काळसर. तो काही आता मिळायचा नाही. यातला पायलीभर मात्र राखेत कालवून ठेवला आहे, अन् सुनेला सांगून ठेवलं आहे, हा भाजायचा नाही.