दिनविशेष : ५ जून
आमदार कृष्णा देसाई यांची हत्या (१९७०)

मुंबईतील परळचे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये भोसकून खून झाला. आमदार होण्याआधी ते नगरसेवक होते. १९६७ मध्ये ते विधानसभेवर निवडून आले. गिरणगावात तेव्हा कम्युनिस्ट आणि शिवसेना यांच्यात रस्त्यावरचे हाणामारीचे वैर होते. स्वातंत्र्यानंतर मुंबईतील ही पहिली मोठी राजकीय हत्या मानली जाते.

रिकाम्या जागेवर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. देसाई यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या. त्यांचा निसटता पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

देसाई यांच्या हत्येच्या दोनच वर्षे आधी, १९६८ मध्ये याच तारखेला अमेरिकेत सिनेटर रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ते मरण पावले.

लोकप्रतिनिधी पसंत नसेल, तर त्याला मतपेटीतून घरी बसवता येते. चाकू चालवणारा एका माणसासोबत हजारो मतदारांचा कौलही रद्द करतो. म्हणूनच पक्ष कोणताही असो, नगरपंचायतीपासून विधानसभेपर्यंत अशा हिंसेचा निषेध बिनशर्तच हवा.