क्षमतापट्टिका (लहान नौकांची)
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७१ च्या नौकासुरक्षा कायद्यान्वये, २० फुटांहून कमी लांबीच्या बहुतेक यांत्रिक नौकांवर चालकाच्या नजरेस पडेल अशा जागी लावावयाची, माणसांची व एकूण भाराची कमाल मर्यादा आणि, इंजिन बाहेर टांगलेले असल्यास, अश्वशक्तीही दर्शविणारी पट्टिका. शिडाच्या व हवा भरलेल्या नौका, तसेच कयाक, या अटीतून मुक्त आहेत. हे आकडे कारखान्यातून निघालेल्या मूळ नौकेपुरतेच खरे. मालकाने हौसेखातर मासेमारीची उंच बैठक उभारली किंवा मागील फळीवर अधिक वजनाचे इंजिन चढविले, की गुरुत्वमध्य सरकतो, पाण्याबाहेरील काठाची उंची घटते, आणि पट्टिका मात्र जुनीच ग्वाही देत राहते. सामानाच्या जागेसाठी आतील तरणक्षम फेस काढून टाकणे तर सर्वांत घातक, कारण पाणी भरलेली नौका त्याच्याच आधाराने तरंगत राहते. स्थैर्य वाढविणाऱ्या जोडणीनेही ही मर्यादा वाढत नाही: कोकणातील उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूस आडव्या दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका, होडीचे स्थैर्य वाढविते. तेवढ्याने अधिक माणसे चढविण्याचा परवाना मिळाला, असे समजू नये.