तळटीप : देगलूरच्या फीडरला रिॲक्टर का नाही?

* हा रिॲक्टर म्हणजे लाइनीत सिरीजमध्ये जोडलेली जाड तारेची कॉइल. शॉर्ट सर्किटचा प्रवाह ती आवरते. तिला लोखंडी गाभा बहुधा नसतोच, कारण ऐन फॉल्टमध्ये तो संपृक्त होऊन अडथळाच ढासळतो. दाट शहरी जाळ्यात ती लागू शकते. देगलूरसारख्या तालुक्याच्या लांब फीडरवर मात्र ती खर्चिक हौस ठरेल. 10 एमव्हीएचा, 10 टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर धरला, तर 11 केव्ही बसबारवर फॉल्टचा प्रवाह फार तर 5,200 अँपिअर, आणि ब्रेकर सर्रास 25,000 तोडणारे. पुढे 10 किलोमीटर तार ओलांडली की तोच प्रवाह हजाराच्या आसपास उतरतो. तारा वितळू नयेत म्हणून तरी बसवावी, हा आक्षेप लंगडा आहे. कॉइल व्होल्टेजही खाते, आणि शेवटच्या डीपीवरचे कृषिपंप कमी दाबाने आधीच जळतात. शिवाय फॉल्टचा प्रवाह आणखी घटला, तर रिले त्याला पंपांचा लोडच समजेल.