तुंगारचा डोंगर आणि माथ्याची हौस

वसईची खाडी आणि वैतरणा यांच्या दरम्यान, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर चढत गेलेली तुंगार-कामणदुर्गाची रांग, सोपाऱ्याच्या बंदरात गलबते नांगरत होती त्या काळापासून वसईकरांच्या डोळ्यांसमोर उभी आहे; परंतु केवळ माथा गाठण्यासाठी डोंगर चढावा, ही हौस या मुलखात अगदी अलीकडची म्हटली पाहिजे.

देवाच्या ओढीने माणसे पूर्वापार चढत आली, हे खरे. पण तुंगारेश्वराचे देऊळ माथ्याच्या पुष्कळ खाली, वनराजीत आहे आणि श्रावणी सोमवारी ओहोळ ओलांडीत, भिजल्या पायांनी तेथवर पोचलेला भाविक बेल वाहून सुखाने माघारी वळतो. वरच्या चढाशी त्याला काही कर्तव्य नसते. विरारची जीवदानी तेवढी आपल्या भक्ताला हजारावर पायऱ्या चढवते.

कामणदुर्गावर मात्र निराळेच प्रयोजन दिसते. खडी चढण संपली, की कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. आणि घामाघूम होऊन त्यांच्या काठाशी टेकलेल्या माणसाला हे ध्यानात येते, की इतक्या उंचीवर छिन्नी चालवण्याचा उपद्व्याप घटकाभर वर येऊन जाणारा करीत नाही, ज्याला तेथे मुक्काम करून खालच्या मुलखावर नजर ठेवायची आहे तोच करतो.

माथा गाठण्याच्या हौसेची गोष्ट मात्र दूर आल्प्समध्ये सापडते. मराठ्यांनी मे 1739 मध्ये वसईचा किल्ला सर केला, त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, 8 ऑगस्ट 1786 रोजी, आल्प्समधील माँ ब्लाँ या सुमारे 15,770 फूट उंचीच्या शिखरावर प्रथमच मनुष्य पोचला. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी त्याकरिता 1760 मध्येच बक्षीस जाहीर केले होते. म्हणजे तेथेही ही हौस मूळची पंडिताची, गावकऱ्याची नव्हे. बक्षीस मिळवणारा झाक बाल्मा हा डोंगरात स्फटिक शोधून पोट भरणारा शामोनीचा रहिवासी, आणि त्याचा सोबती मिशेल पाकार गावचा वैद्य. पुढे तेथल्या राजाने बाल्माला त्या शिखराचेच नाव किताबादाखल बहाल केले.

आमच्याकडे किताब कोणाला द्यावा? तुंगारच्या रानवाटा मळल्या त्या मोळ्या, मध आणि कंद आणणाऱ्या वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या पायांनी, आणि सरकारदरबारी त्यांची दखल घेतली गेली ती प्रामुख्याने निर्बंधांच्या रूपाने. 1878 च्या वनकायद्याने राखीव रानातील मोळी हा गुन्हा ठरला, 2003 मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झाले; आणि आता सुट्टीच्या दिवशी कामणदुर्गाची वाट पुसत शहरातून येणारी तरुण मंडळी पायथ्याच्या पाड्यावर ज्याला वाटाड्या म्हणून सोबत घेतात, तो याच लोकांपैकी कोणीतरी असतो.