कवटीतला खड्डा आणि कंट्रोल ग्रुप

मागच्या महिन्यात फ्रॉड पकडणारं एक मॉडेल आमच्या टीमच्या गळ्यात पडलं. आधीच्या माणसाने नोंद करून ठेवली होती की पकडलेले बहुतेक फ्रॉड रात्री ११ नंतरचे आहेत, म्हणून त्या वेळेला जास्त मार्क द्यावेत. ठीक. पण प्रामाणिक गिऱ्हाइकं रात्री ११ नंतर किती व्यवहार करतात? ते कुणी मोजलंच नव्हतं. मी स्वतः लाईट बिल रात्री साडेअकराला भरतो!

यावरून लोम्ब्रोसो आठवला. चेझारे लोम्ब्रोसो, इटलीतला डॉक्टर. कॅलाब्रियाच्या विलेला नावाच्या एका कैद्याची कवटी तपासताना त्याला मागच्या बाजूला, जिथे एरवी उंचवटा असतो तिथे, एक खड्डा दिसला. झालं! खालच्या प्राण्यांत सापडणारी ही खूण आहे, म्हणजे गुन्हेगार हा जन्मानेच मागे राहून गेलेला माणूस, असं त्याने ठरवलं. १८७६ साली त्याचं पुस्तक आलं. मोठा जबडा, बाहेर आलेले कान, लांब हात, ही सगळी जन्मजात गुन्हेगाराची लक्षणं. गोंदवून घेणारेही संशयितच (टॅटूवाल्या मित्रांनो, सांभाळून). युरोपभर त्याचा गाजावाजा झाला. १८८५ मध्ये त्याच्याच पंथातल्या गारोफालोने 'क्रिमिनोलॉजिया' नावाचा ग्रंथ लिहिला आणि या शास्त्राचं बारसं झालं.

लोम्ब्रोसोने तुलना अगदीच केली नव्हती असं नाही. लष्करात डॉक्टर असताना त्याने सैनिकांची मापं घेतली होती. पण सगळं ढोबळ, आणि निष्कर्ष आधी ठरलेला.

खरं टेस्टिंग केलं चार्ल्स गोरिंगने. हा इंग्लंडमधला तुरुंगातला डॉक्टर. सुमारे ३००० कैद्यांची मापं घेतली, आकडेमोडीला कार्ल पिअर्सनसारखा माणूस मदतीला, आणि मुख्य म्हणजे तुलनेला गुन्हेगार नसलेली माणसं: विद्यापीठातले विद्यार्थी, सैनिक. त्यात रॉयल इंजिनिअर्सही होते, म्हणजे आपलेच भाऊबंद. १९१३ मध्ये निकाल छापला. गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक नमुना सापडतच नाही! डोक्याच्या मापावरून विद्यार्थी इंग्लिश विद्यापीठातला की स्कॉटिश हे एक वेळ सांगता येईल, पण पुढे तो प्रोफेसर होणार की कैदी, हे नाही. मला हे वाचून जाम आनंद झाला होता. मग पुढे वाचलं. कैदी उंचीला, वजनाला आणि बुद्धीला कमी भरतात असं त्याला दिसलं, आणि त्यावरून या गृहस्थानेही दोष बराचसा आनुवंशिकतेवर टाकला. पकडले जातात ते कोण, हा प्रश्न त्यालाही नीट पडला नाही.

हे सगळं मी रूममेटला सांगत होतो. तो सोलापूरचा. म्हणाला, "आमच्याकडे सेटलमेंट म्हणून एरिया आहे, ते नाव कशावरून पडलं रे?"

ते नाव क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टच्या काळातलं. हा कायदा १८७१ चा, म्हणजे लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्याही ५ वर्षं आधीचा, तेव्हा त्याच्यावर हे पाप घालता येत नाही. इथे कवटी मोजायची गरजच नव्हती, जात पुरे होती. विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, असा सरळ हिशेब. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १९११ पासून मुंबई इलाख्यासह सगळीकडे. पारधी, कैकाडी, भामटा... अख्ख्या जमाती रजिस्टरमध्ये. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला पास, आणि काहींना कुटुंबासकट कुंपणाच्या आत. तीच सेटलमेंट.

आता यातला बग बघा. चोरी झाली की पोलीस रजिस्टर उघडणार. त्यातलेच पकडले जाणार. परवानगीशिवाय बाहेरगावी गेलं तरी गुन्हा, तोही त्यांच्याच खात्यावर. मग आकडे दाखवणार, बघा, याच जमातींत गुन्हे जास्त! आउटपुट परत इनपुटला जोडलं की दुसरं काय होणार? आणि ही माहिती जमवणारे अडाणी नव्हते, चांगले शिकलेले अधिकारी होते. मला जास्त भीती त्याचीच वाटते, कारण माझ्या मॉडेलवाला तो आधीचा माणूसही हुशारच होता.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले आणि नजर तीच राहिली. तो शिक्का घेऊन शाळेत जाणं, पोट भरणं म्हणजे काय, ते लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) आहे. वाचलं नसेल तर हा लेख सोडा आणि ते वाचा.

मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल दिला. तुरुंगाच्या नियमावल्यांत जातीवरून कामं वाटून देणारे आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत धरणारे नियम होते, ते रद्द झाले. मूळ कायदा जाऊन तोवर ७२ वर्षं झाली होती.

रूममेट म्हणाला, आता घरी गेलो की आजोबांना विचारतो. मी प्रामाणिक गिऱ्हाइकांचा डेटा मागितलाय. दोन आठवडे झाले, अजून मेल आलेला नाही.