कुब्जेची पाठ आणि वैद्यांचा धीर

मथुरेंत कंसासाठीं उटी घेऊन जाणारी दासी तीन ठिकाणीं वांकलेली होती. श्रीकृष्णानें तिचे पाय आपल्या पायांनीं दाबून धरले, हनुवटीखालीं दोन बोटें लावलीं आणि तिला वर उचललें. कुब्जा सरळ झाली. भागवतांतील ही कथा भाविकांस चमत्कार वाटते, व तो चमत्कारच आहे. परंतु खालचें टोंक अढळ ठेवून वरचें ताणावें, ही तींतील कृति पुढें शल्यवैद्यांनींहि केली. भगवंताला क्षण पुरला. वैद्यांना महिने लागतात.

सुश्रुतानें मोडलेल्या हाडांच्या उपचारांत ‘आंछन’ म्हणजे ओढणें हें एक मुख्य कर्म सांगितलें आहे. ग्रीस देशांत कुबड आलेल्या रोग्यास शिडीला बांधून ती शिडी उंचावरून आपटीत. हिपॉक्रेटीसनें ही रीत वर्णिली, आणि ती बहुधा गर्दी जमविणाऱ्या वैद्यांची करामत आहे, असा टोलाहि मारला.

घाईचा मोह मात्र सुटला नाहीं. १८९६ सालीं फ्रान्समधील कालो या शल्यवैद्यानें क्षयानें आलेलें कुबड क्लोरोफॉर्म देऊन एकाच बैठकींत जोरानें दाबून सरळ करण्याचा प्रयोग गाजविला. पुढें रोगी दगावूं लागले व ती रीत मागें पडली. कारण उघड आहे. कण्याच्या पोकळींतून मज्जारज्जु जातो. वर्षानुवर्षें वांकलेल्या जागीं तोहि वांकूनच बसलेला असतो. त्याला एकाएकीं ताण दिला, तर पाठ सरळ होऊन पाय निकामी व्हावयाचे!

१९५९ सालीं कॅलिफोर्नियांतील जॅकलीन पेरी व व्हर्नन निकेल यांनीं पोलिओनें मान लुळी पडलेल्या रोग्यांसाठीं, कवटीच्या हाडांत स्क्रूंनीं रोंवलेल्या धातूच्या कड्याची युक्ति प्रसिद्ध केली. लियोंच्या स्तान्यारा यांनीं त्या कड्याला दोरी, कप्पी व वजन जोडून कणा ताणण्याची पद्धति पुढें आणली. रोगी चाकांच्या खुर्चींत बसतो, चौकटीच्या आधारानें चालतो, रात्रीं उशाकडून उंच केलेल्या खाटेवर निजतो. खालचें टोंक धरावयास त्याच्याच शरीराचा भार पुरतो. वजन रोज थोडें वाढवीत शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, कधीं निम्म्यापर्यंत नेतात. हातापायांची बोटें हालतात ना, डोळे दोन्ही बाजूंस वळतात ना, हें वरचेवर पाहतात. शंका आली कीं वजन उतरवितात. कांहीं आठवड्यांनीं श्वास सुधारतो, आणि मगच पाठ उघडून सळया बसवितात.

मुंबईंत १९४७ सालीं फातेमा इस्माइल यांच्या पुढाकारानें पांगळ्या मुलांच्या पुनर्वसनाची संस्था निघाली व पुढें हाजीअलीला मुलांचें अस्थिरोग रुग्णालय उभें राहिलें. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून मुंबईची वाट मात्र लांबची. १८९२ पासून मुंबई शहापूर तालुक्यांतील तानसेचें पाणी पीत आली आहे. तेथल्या मुलाला कुबडासाठीं मुंबईच गांठावी लागावी, हा हिशेब कांहीं बरोबर दिसत नाहीं. शहापूरकरांना आसनगांवची गाडी तरी जवळ आहे. मुरबाडकरांना आधीं कल्याण गांठावें लागतें. शस्त्रक्रियेपुरते दिवस कसेबसे निघतात. पण तिच्याआधीं महिना-दोन महिने नुसती ओढ द्यावयाची, हें ऐकून भातलावणीच्या तोंडावर ठाकूर बाप गोंधळतो, आणि पाऊस सरल्यावर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची तर मजुरीच बुडते. पोर मध्येंच घरीं न्यावें, तर ताणलेला कणा पुन्हा खचतो आणि गेलेले आठवडे वाया जातात.